मोहन, साटा आणि फेसलेलं तूप

पुणं सोडून वर्षं झालेली माणसं दिवाळीला नाहीतर मे महिन्यात चार दिवसांसाठी येतात, तेव्हा भेटायच्या नातेवाइकांच्या आधी खाण्याची यादी तयार असते. डेक्कनवर गुडलकचा बनमस्का, कॅम्पातली श्रूजबेरी बिस्किटं, आपटे रस्त्यावरचं पॅटिस, नारायण पेठेतली मिसळ, आणि निघताना पिशवीत चितळ्यांची बाकरवडी. चार दिवस पोटभर खाणं होतं, खोकी बांधली जातात, आणि परगावी पोचल्यावर आठवड्याभरात खोकी रिकामी होतात. मग घरच्या ओव्हनशी झटापट सुरू होते. इंटरनेटवरची एखादी पाककृती समोर ठेवून ग्रॅम-ग्रॅम मोजलं जातं, बिस्किट चांगलंही होतं, पण ते पुण्याचं होत नाही.

पुण्याच्या बेकरीतला जवळजवळ प्रत्येक पदार्थ म्हणजे पिठात स्निग्ध कसं जातं याचाच प्रकार आहे. त्या प्रकारांची नावं आपल्या स्वयंपाकघरात बेकरी यायच्या आधीपासून आहेत. करंजीच्या पिठाला चोळतो ते मोहन. चिरोट्याच्या पोळ्यांवर लावतो तो साटा. आणि परातीत तळहाताने पांढरंशुभ्र होईपर्यंत घोळवतो ते फेसलेलं तूप. जन्मगावी खाताना हे तीन शब्द डोक्यात ठेवले, प्रत्येक घासाला ‘यात स्निग्ध कुठं आहे, पिठाच्या आत, थरांच्या मधे, की वरून?’ एवढंच विचारलं, तर परत गेल्यावर हात आपोआप बरोबर चालतो.

नानकटाईपासून सुरुवात करावी, कारण ती घरची आणि बेकरीची अशी दोन्हीकडची आहे. घरोघरी ओव्हन नव्हते तेव्हा सणासुदीला आणि मेच्या सुट्टीत लोक तूप, पिठीसाखर, मैदा, रवा असं सामान डब्यांतून बेकरीत नेत. कारागीर ते फेसून, वळून पत्र्यांवर मांडायचा आणि भट्टीत सारायचा. घरातलं कुणीतरी आपला पत्रा कोणता त्यावर नजर ठेवून तिथेच थांबायचं. भट्टीतून आलेल्या नानकटाया लगेच डब्यात भरायच्या नाहीत, हे तिथला पोरगाही सांगायचा. गरम असताना त्या इतक्या हळव्या असतात की उचलल्या की मोडतात, आणि वाफेसकट झाकल्या की मऊ पडतात.

घरी करायचं प्रमाण असं: १०० ग्रॅम घट्ट साजूक तूप, १०० ग्रॅम पिठीसाखर, १५० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम बेसन, २० ग्रॅम बारीक रवा, पाव चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा वेलचीपूड, थोडं जायफळ. एकूण ४०० ग्रॅमचा गोळा होतो, २० ग्रॅमची एक धरली तर वीस नानकटाया. बेसन कोरडंच दोन-तीन मिनिटं मंद आचेवर परतून पूर्ण गार करून घ्यावं. कच्च्या बेसनाची नानकटाई टाळूला चिकटते.

सगळं यश फेसण्यात आहे. तूप परातीत घ्यायचं, तळहाताच्या मांसल भागाने पुढे रेटायचं, बोटांनी परत गोळा करायचं. तीन-चार मिनिटांनी त्याचा पिवळेपणा जायला लागतो. मग पिठीसाखर दोन-तीन वेळा करून घालायची आणि आणखी आठ-दहा मिनिटं फेसत राहायचं. हाताला रवाळपणा लागेनासा होतो, मिश्रण परातीला चिकटून ओढलं जातं, आणि त्याचा रंग ताज्या लोण्यासारखा होतो. जुन्या बायका यातला चिमूटभर गोळा वाटीभर पाण्यात टाकून बघतात. तरंगला तर झालं. ही परीक्षा अगदी खरी आहे, पण साखर घालून फेसल्यावरच घ्यायची. नुसतं तूप पाण्यापेक्षा हलकंच असतं, ते न फेसताही तरंगतं. बरोबरीने साखर घातली की मिश्रण पाण्यापेक्षा जड होतं आणि बुडतं, आणि फेसून त्यात पुरेशी हवा कोंडली गेली की परत वर येतं. म्हणजे पाण्यात वर आलेला तो कण नानकटाईच्या पोटात किती हवा आहे ते दाखवतो.

तूप पातळ असेल तर ही हवा कोंडलीच जात नाही. पुण्याच्या मे महिन्यात दुपारी तूप बरणीतच वितळलेलं असतं, त्यामुळे परात बर्फाच्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवून फेसावं किंवा सकाळी सहाला हे काम उरकावं. डिसेंबरात उलट अडचण, तूप दगडासारखं. ते तासभर आधी गॅसच्या आसपास काढून ठेवायचं, वितळवायचं नाही. म्हशीच्या दुधाचं तूप गाईच्या तुपापेक्षा जरा जास्त उष्णतेला वितळतं आणि दाणेदारही असतं, म्हणून उन्हाळ्यात नानकटाईला तेच घ्यावं. घरच्या लोण्याचं कढवलेलं असेल तर उत्तमच.

पिठं चाळून घातली की मळायचं नाही. इथे बहुतेकांचा हात चुकतो, कारण रोजच्या पोळीच्या सवयीने पीठ दिसलं की तळवा दाब द्यायला लागतो. फक्त गोळा होईल इतपत एकत्र करायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं, मग वळून अंगठ्याने हलका दाब देऊन मधे चारोळी किंवा पिस्त्याचा काप बसवायचा. ओव्हन १६० अंशांवर आधी १० मिनिटं तापलेला हवा. १८ ते २० मिनिटांत तळ फिका सोनेरी होतो, वरचा भाग पांढुरकाच राहतो. हात लावला तर मऊ लागेल, आणि मऊ लागली म्हणून आणखी पाच मिनिटं ठेवली की वाया गेली. पत्र्यावरच १० मिनिटं राहू द्यावी, मग जाळीवर.

नानकटाई पसरून पापडी झाली, तर तूप पातळ होतं किंवा ओव्हन पुरेसा तापला नव्हता. वर भेगा पडल्याच नाहीत, तर मिश्रण ओलसर राहिलंय. दूध घातलं असेल तर ते घालायला नको होतं. खाताना साबणासारखी चव आली, तर सोडा जास्त झालाय. बेकिंग पावडरऐवजी सोडा वापरणारच असाल तर या प्रमाणाला दोन चिमटींपेक्षा जास्त नको.

श्रूजबेरीचं नाव इंग्लंडमधल्या गावाचं. तिथे या नावाचे केक शेकडो वर्षं भाजले जातात, पण पुण्यात श्रूजबेरी म्हटलं की ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरीच डोळ्यांसमोर येते. १९५५ साली इराणी झोरोस्ट्रियन भावांनी ती सुरू केली. दुपारी बंद असते, म्हणून गाडीच्या वेळेआधी ‘जाता जाता घेऊ’ असं ठरवणाऱ्यांची हमखास फसगत होते; सकाळीच जावं. खोकं घरी येऊन उघडण्याआधी एक बिस्किट तिथेच, रस्त्यावर उभं राहून खावं. दोन बोटांनी धरून मोडलं की स्वच्छ ‘कट’ असा आवाज येतो आणि मोडलेली कड सरळ राहते. नानकटाई अशी मोडत नाही, ती ढासळते. हा फरक कुठून येतो हे कळलं की घरची श्रूजबेरी अर्धी जमली.

तुपात पाणी जवळजवळ नसतंच. लोण्यात, म्हणजे बाजारच्या पिवळ्या बटरमध्ये, सुमारे ८० टक्के स्निग्ध आणि सोळाएक टक्के पाणी असतं. ते पाणी मैद्याला मिळतं, मैद्याचा चिवटपणा किंचित जागा होतो, आणि भाजताना ते पाणी उडून गेलं की बिस्किट कडक, मोडणारं होतं. म्हणून श्रूजबेरीत बटरच्या जागी तूप घालून चालत नाही. चवीला छान लागेल, पण ती नानकटाई होईल.

बेकरीत काय प्रमाण आहे ते बेकरीचं बेकरीला ठाऊक. घरी मात्र १८० ग्रॅम मैदा, १२० ग्रॅम बटर, ९० ग्रॅम पिठीसाखर, १० ग्रॅम दूध पावडर, अर्धा चमचा व्हॅनिला, हे प्रमाण भरवशाचं आहे. खारं बटर असेल तर वेगळं मीठ नको. बरेच जण बटर-साखर फेसून करतात. त्याने बिस्किट हलकं होतं, पण ‘कट’ जातो. माझं मत असं की इथे करंजीसारखं मोहन करावं. बटर फ्रीजमधून काढून छोटे तुकडे करायचे, मैदा-साखर-दूध पावडरीत बोटांच्या टोकांनी चोळायचे, तळहात लावायचा नाही, तळहात गरम असतो. रव्यासारखं झालं की मुटका वळून बघायचा. वळला आणि टिचकी मारल्यावर फुटला तर मोहन बरोबर. करंजीला हीच परीक्षा असते. मग व्हॅनिला आणि लागलंच तर चमचाभर गार दूध घालून गोळा करायचा, ८ मिलिमीटर जाड लाटायचा, वाटीने कापायचा, कापलेली बिस्किटं पत्र्यासकट अर्धा तास फ्रीजमध्ये. १६० अंशांवर १६ ते १८ मिनिटं. साखर घरी मिक्सरवर दळलेली असावी. जाडसर साखर बिस्किटाला पसरवते, आणि विकतच्या पिठीसाखरेत कधी कॉर्नफ्लॉर मिसळलेलं असतं, त्याने बिस्किट खडूसारखं लागतं.

या शहरात बिस्किटाने एके काळी केवढा गहजब केला होता, हे कयानीच्या रांगेत उभं असताना आठवण्यासारखं आहे. १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये पुण्यातल्या नामवंत मंडळींना बोलावून चहा-बिस्किटं दिली गेली. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी हजर असणाऱ्यांची नावं छापून आणली आणि शहरात मोठं ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. पुढे त्याच पेठांतल्या घरांतून दिवाळीच्या आधी तुपाचे डबे बेकरीच्या भट्टीकडे निघायला लागले.

आता साटा. पुण्यात ‘खारी’ हा शब्द एकवचनी वापरतात, पण एका खारीत किती पदर असतात ते मोजायला गेलं तर गंमत वाटते. चिरोटा करताना आपण तीन पोळ्यांना तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा लावून एकावर एक ठेवतो, गुंडाळी करून कापतो, परत लाटतो. खारीत पोळी एकच असते आणि साट्याच्या जागी लोण्याची किंवा मार्गारिनची लादी असते. ती कणकेत पाकिटासारखी बंद करून लाटायची आणि पत्रासारखी तीन घड्यांत दुमडायची. एका घडीला लोण्याचे ३ थर, दोन घड्यांना ९, तिसरीला २७, चौथीला ८१. चिरोटा गरम तुपात पडल्यावर त्याचे पदर सुटतात. खारीचे पदर वाफ उचलते. कणकेतलं आणि लोण्यातलं पाणी तापून वाफ होतं, स्निग्धाचा थर तिला सहज बाहेर पडू देत नाही, आणि प्रत्येक पापुद्रा वर ढकलला जातो.

घरी २५० ग्रॅम मैदा, चमचाभर मीठ, २० ग्रॅम बटर, चमचाभर लिंबाचा रस आणि बर्फाचं सुमारे १३० मिलिलिटर पाणी, याची मऊसर कणीक करायची आणि अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायची. १५० ग्रॅम बटर दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये लाटून चौकोनी लादी करायची. यापुढे एकच गोष्ट जपायची: कणीक आणि लादी, दोन्हींचा मऊपणा सारखा हवा. बोटाने दाबलं तर दोन्हींवर सारखाच खळगा पडला पाहिजे. लादी कडक असेल तर लाटताना तिचे तुकडे होतात आणि कणकेतून टोचून बाहेर येतात. मऊ असेल तर ती कणकेत शिरते, पदरच राहत नाहीत, आणि ओव्हनमध्ये पत्र्यावर तुपाचं तळं होतं. दर घडीनंतर अर्धा तास फ्रीज. चार घड्या पुरे, जास्त घड्यांच्या हौसेने पदर इतके पातळ होतात की फाटून एकमेकांत मिसळतात. कापताना सुरी एका दाबात खाली न्यायची, पुढे-मागे ओढायची नाही. वरून दूध लावायचं तर कापलेल्या कडांना लागू द्यायचं नाही, नाहीतर कडा चिकटतात आणि खारी एका बाजूने वाकडी फुगते.

भाजताना दोन टप्पे. आधी २१० अंशांवर १५ मिनिटं, म्हणजे वाफ जोरात सुटून पदर उभे राहतात. मग १६० वर आणून २० ते २५ मिनिटं, म्हणजे आतलं वाळतं. घरच्या खाऱ्या बहुधा दुसऱ्या टप्प्यात बिघडतात. बाहेरून रंग छान आला म्हणून काढल्या जातात, आणि गार झाल्यावर मधला पदर चामड्यासारखा निघतो. खारी उचलून बघावी. भाजलेली खारी दिसते त्यापेक्षा हलकी लागते.

बेकऱ्यांत यासाठी बहुधा खास मार्गारिन असतं. त्याला वितळायला लोण्यापेक्षा जास्त उष्णता लागते, म्हणून ते उन्हाळ्यातही लाटता येतं आणि खारी उंच होते. पण तोंडातल्या उष्णतेला ते पुरतं वितळत नाही, खाल्ल्यावर टाळूवर थर राहतो तो त्याचाच. गरम चहाबरोबर खारी खाण्याची आपली पद्धत त्यावरचा उपायच आहे. घरची लोण्याची खारी इतकी उंच होणार नाही. तिची चव मात्र चहाशिवायही उभी राहते.

पॅटिस ही खारीचीच धाकटी बहीण, आणि पुण्यात ते बेकरीतच, उभ्याने, कागदावर घेऊन खायचं. संतोष बेकरीसारख्या ठिकाणी पत्रे सतत निघत असतात. नवा पत्रा येतोय दिसलं तर समोरचं न घेता पाच मिनिटं थांबावं. पॅटिसची पारख तळावर होते. उलटं करून बघायचं: तळ कोरडा, तपकिरी आणि पदर दिसणारा हवा. पांढरट, ओलसर तळ म्हणजे सारण ओलं होतं किंवा पत्रा गार होता. घरी करताना बटाटा उकडून, फोडणीवर परतून त्यातलं पाणी पूर्ण आटवायचं आणि सारण अगदी गार करून भरायचं. कोमट सारणाने आतलं लोणी भाजण्याआधीच वितळतं आणि तळाचे पदर बसतात. उरलेलं पॅटिस मायक्रोवेव्हमध्ये घालू नये, वाफ पदरांत मुरून ते चिवट होतं. १६० अंशांवर आठ मिनिटं ओव्हनमध्ये, नाहीतर झाकण न ठेवता तव्यावर मंद आचेवर. क्रीमरोलही याच पिठाचा. पिठाची पट्टी पत्र्याच्या नळीवर पाव-पाव कड एकावर एक चढवत गुंडाळायची. भाजून नळी काढली की आत क्रीम.

मावा केकबद्दल थोडक्यात. १०० ग्रॅम बटर आणि १५० ग्रॅम साखर फेसून, त्यात हाताने मोकळा केलेला १०० ग्रॅम खवा, मग एकेक करून २ अंडी, मग १३० ग्रॅम मैदा, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा वेलची आणि ६० मिलिलिटर दूध. सात इंची भांड्यात १६५ अंशांवर ४० मिनिटं. खवा फ्रीजमधला घालू नये. त्याच्या गुठळ्या मोडत नाहीत, त्या तळाशी बसून करपतात. खव्याने वरचा रंग लवकर चढतो, म्हणून पंचविसाव्या मिनिटाला वर कागद टाकावा, त्याआधी ओव्हनचं दार उघडू नये. हा केक त्याच दिवशी कापू नये असं मी आग्रहाने सांगेन. दुसऱ्या दिवशी खव्याचा स्निग्धांश सगळीकडे मुरतो आणि वेलची खुलते.

बनमस्क्यात स्निग्ध सगळं वरून येतं. १९३५ पासूनच्या गुडलकमध्ये सकाळी बसलं की बन येतो तो मधोमध चिरलेला, मस्क्याने भरलेला. घास घेतला की आधी बनची किंचित गोडी, मग थंड मस्क्याचा खारटपणा, मग गरम चहा. बन स्वतः तुपकट नसावा, नाहीतर मस्क्याला काही कामच उरत नाही. ३०० ग्रॅम मैदा, १९० मिलिलिटर कोमट दूध, ३० ग्रॅम साखर, ३० ग्रॅम बटर, ५ ग्रॅम मीठ आणि ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. नव्वद-नव्वद ग्रॅमचे सहा बन होतात. नानकटाईत मळण्याचा जो मोह आवरायचा तो इथे भरून काढायचा. पोळीच्या कणकेला चार मिनिटं पुरतात, बनला बारा ते पंधरा हवीत. आपल्याकडच्या मैद्याला चिवटपणा बेताचाच असतो, तो मळूनच जागा करावा लागतो. लिंबाएवढा गोळा घेऊन बोटांनी ताणला की फाटण्याआधी आरपार उजेड दिसण्याइतका पातळ पडदा झाला पाहिजे.

दूध किती कोमट? करंगळी बुडवली तर ना गरम ना गार. त्याहून तापलेल्या दुधात यीस्ट मरतं आणि कणीक दगडासारखी पडून राहते. कणीक दुप्पट व्हायला मे महिन्यात पाऊण तास लागतो, डिसेंबरात त्याच घरात दीड-दोन तास. घड्याळाकडे न बघता बोट पिठात बुडवून कणकेत खुपसावं. खळगा सावकाश, अर्धवट भरला तर तयार. झटकन भरला तर आणखी वेळ. भरलाच नाही तर वेळ टळून गेलीय, त्याच्या बनला आंबूस वास येईल. वळून पुन्हा फुगवून १८० अंशांवर १६ ते १८ मिनिटं, बाहेर काढल्याबरोबर वरून दूध किंवा बटर, आणि लगेच फडक्याखाली, म्हणजे साल मऊ राहते.

पुण्यातल्या जुन्या मिसळवाल्यांकडे, नारायण पेठेतल्या बेडेकरांकडेसुद्धा, मिसळीबरोबर पावाऐवजी स्लाइस ब्रेड येतो. बाहेरच्यांना ते विचित्र वाटतं. पण स्लाइसची बारीक जाळी रस्सा एकसारखा शोषते आणि चमच्यासारखी वापरता येते. पावाचा वरचा भाग कोरडाच राहतो आणि आतला गोळा होतो. बाकरवडीलाही बरेच जण भाजलेली समजतात. ती तळलेली असते, आणि आतलं सारण कोरडं असल्यामुळे टिकते.

समुद्रसपाटीपासून पुणं सुमारे ५६० मीटर उंच आहे, म्हणून प्रमाणं बदलायची का, असं विचारलं जातं. नाही. पाणी इथे शंभराऐवजी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, पण एवढ्याने केकला फरक पडत नाही. फरक पडतो तो हवेतल्या ओलाव्याने. जुलैत बनच्या कणकेला दहा-पंधरा मिलिलिटर दूध कमी लागतं, आणि बिस्किटं ताटात तासभर उघडी राहिली तरी सादळतात. सादळलेली खारी आणि श्रूजबेरी १२० अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवून, पूर्ण गार करून डब्यात भरली की पहिल्यासारखी होते. बरोबर नेताना खारी उभी भरावी आणि सामानाच्या वर ठेवावी. नानकटाईच्या दोन थरांमध्ये कागद घालावा. पॅटिस नेऊच नये.

ओव्हन नसेल तर कुकर चालतो, पण सगळ्याला नाही. तळाशी दोन वाट्या जाड मीठ, वर जाळी, शिट्टी आणि रिंग काढलेली, मध्यम आचेवर १० मिनिटं तापवून मग मंद. नानकटाई आणि केक उत्तम होतात. बनला वरून रंग येत नाही कारण उष्णता फक्त खालून असते, आणि खारीला लागणारी सुरुवातीची धग कुकर देऊ शकत नाही.

ओव्हन असेल तर महिन्यातून एक दिवस भट्टीच्या क्रमाने भाजावं. लाकडाची भट्टी एकदा तापवली की उतरत जाते, म्हणून बेकरीत जास्त धगीचे पदार्थ आधी आणि कमी धगीचे नंतर असा क्रम असतो. घरीही तसंच: आधी २१० वर खारी, मग १८० वर बन, १६५ वर केक, १६० वर श्रूजबेरी आणि नानकटाई. खारीच्या दुसऱ्या टप्प्यानंतर एकदा सोडलं तर ओव्हन पुन्हा तापवावा लागत नाही. सगळ्यात शेवटी आदल्या दिवशीचे उरलेले बन बोटभर जाड कापून जाळीवर मांडायचे, ११० अंशांवर तासभर वाळवायचे, मग ओव्हन बंद करून दार लावून तसेच रात्रभर आत राहू द्यायचे. सकाळी त्यांचे टोस्ट झालेले असतात, आतपर्यंत कोरडे, फिक्या बदामी रंगाचे. बशीत ओतलेल्या चहात अर्धा टोस्ट बुडवायचा, दोन मोजेपर्यंत धरायचा आणि उचलायचा. तीन मोजले की तो बशीतच राहतो.